आजीची साडी कापण्याआधी: विरलेल्या कापडाची नवी वस्तू करण्याची सविस्तर रीत

कपाट आवरताना आजीची पैठणी हाताला लागते. पदर उलगडावा तर घडीच्या रेषेवर रेशीम चरचरत सुटतं. मग बहुतेक जण दोनांपैकी एक काहीतरी करतात. साडी होती तशी गुंडाळून पुन्हा आत ठेवतात, नाहीतर टेलरकडे नेऊन ‘याचं काहीतरी छान करून द्या’ म्हणतात. यातला दुसरा उपाय जास्त घातक. टेलर आधी वस्तू ठरवतो, कुर्ता म्हणा, लेहेंगा म्हणा, आणि त्या मापानं कापड कापतो. साठ-सत्तर वर्षांच्या रेशमाचा कुर्ता दोन-तीनदा घातला की बगलेत उसवतो. तोवर साडीही गेलेली असते आणि कुर्ताही.

क्रम उलटा हवा. कापडात कस किती उरलाय ते आधी बघायचं आणि त्यावरून वस्तू ठरवायची. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: जुन्या कापडावर एकट्यानं भार टाकायचा नाही. ओढ, वजन, घासणं हे सगळं खालच्या नव्या कापडानं सोसावं आणि जुन्यानं नुसतं दिसावं. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एकेक थर विरलेला असला तरी चार थर धावदोऱ्यानं एकजीव झाले की ती वर्षानुवर्षं अंगावर राहते.

हातातलं कापड नेमकं काय आहे?

साडीच्या आतल्या टोकाचे दोन-तीन धागे ओढून काढा. चिमट्यात धरून मोरीत किंवा बेसिनवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत टिकत नाही आणि उरलेला काळा मणी बोटांनी चुरडतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. चकाकतं रेशमासारखं, जळतं मात्र कागदासारखं, असं काही निघालं तर ते रेयॉन, म्हणजे ‘आर्ट सिल्क’. हे ओळखणं फार गरजेचं आहे. सूत ओलं झालं की अधिक मजबूत होतं, रेशीम थोडं कमजोर होतं आणि रेयॉनची तर निम्मी ताकद जाते. पाण्यातून ओलं रेयॉन उचलताना ते स्वतःच्याच वजनानं फाटू शकतं.

उभा आणि आडवा, दोन्ही धागे तपासा. पदरही वेगळा तपासा. इरकलीचं अंग अनेकदा सुती असतं आणि पदर रेशमी. दोन्ही एकाच पाण्यात घातले की दोघांचं आक्रसणं वेगळं, लाल पदराचा रंग सुटण्याची भीती वेगळी.

जरीचे ढोबळ तीन प्रकार. खऱ्या जरीत रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. ‘टेस्टेड’ जरीत तांब्याची तार असते. हल्लीची पुष्कळशी जर प्लास्टिकची. चांदी हवेतल्या गंधकानं काळवंडते, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि प्लास्टिकची जर इस्त्रीखाली आकसते. जर काळी पडली म्हणून चांदीच्या भांड्यांचं पॉलिश लावायला जाऊ नका. ते धाग्यात मुरतं, परत निघत नाही आणि आतलं रेशीम खातं. मंद काळपट जर दिसायलाही वाईट नसते, असं माझं मत.

दारावर ‘जुन्या जरीच्या साड्या’ असं ओरडत येणारे साडीला देतात ती किंमत त्यातल्या चांदीची. विणकामाचे ते पैसे देत नाहीत, कारण त्यांना साडी जाळून धातू काढायचा असतो. काठ पार गेलेला असेल आणि पैशांची निकड असेल तर गोष्ट वेगळी. धड पदर मात्र वजनावर देऊ नये.

कस कसा पाहायचा

कापड खिडकीसमोर उजेडात धरा. विरलेला भाग जाळीसारखा दिसेल. मग कापडाची थोडी जागा दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत, साधारण एका इंचाच्या अंतरानं, धरून हलकेच ताणा. आधी उभ्या धाग्याच्या दिशेनं, मग आडव्या. कापड ताण घेऊन परत जागेवर आलं तर ते धड. धागे सरकून फट पडली तर अर्धं धड, त्याला अस्तर हवं. बारीक ‘चर्र’ ऐकू आलं तर तिथेच थांबा. त्या कापडातून अंगावर घालायचं काहीही होणार नाही.

साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. सहावारीत खांद्यावरचा पदर, कमरेला खोचलेला भाग आणि टाचेजवळचा काठ आधी जातो, निऱ्यांच्या आतला भाग बराच शाबूत राहतो. नऊवारीत काष्ट्याचा मधला पट्टा सर्वांत विरतो. शिवाय पिनांची गंजलेली भोकं खांद्यावर आणि कमरेवर हमखास सापडतात. साडी पलंगावर पसरा. धड, अर्धा आणि गेलेला, असे भाग ओळखून त्यांच्या कडेनं तीन रंगांच्या सुती दोऱ्यांचे सैल टाके घाला. खडू किंवा पेन वापरू नका. हा नकाशा तयार झाला की साडीतून काय होऊ शकतं हे आपोआप दिसायला लागतं.

काही गोष्टी कापू नयेत

हातविणीच्या जुन्या पैठणीचा पदर उलटा करून बघा. नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसत असेल, मागे लोंबणारे धागे नसतील, तर ते जुन्या पद्धतीचं, रंगाचे धागे एकमेकांत अडकवत केलेलं विणकाम आहे. असा पदर अख्खा ठेवावा. पारशी शेजारणीनं दिलेला किंवा घरात कुठून आलेला गारा असेल, चीनशी चाललेल्या व्यापारातून एकोणिसाव्या शतकात मुंबईत आलेलं ते रेशमी भरतकाम, तर त्याला कात्री लावायचा विचारही नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या वस्त्रदालनात एक फेरी मारून या. आपल्या ट्रंकेतलं काय दुर्मीळ आहे याचा अंदाज यायला एवढं पुरेसं होतं. त्या संग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्रही आहे.

कापायचं नक्की झालं तरी आधी पूर्ण साडीचा, पदराचा आणि काठाचा दिवसाउजेडी फोटो काढा. कुणाची, कधीची, कोणत्या प्रसंगाची, हे माहीत असलेल्या माणसाला विचारून लिहून ठेवा. हे काम उद्यावर टाकू नका. साडी आणखी दहा वर्षं टिकेल, पण सांगणारी मावशी टिकेलच असं नाही.

कसर, बुरशी आणि मुंबईची हवा

जून ते सप्टेंबर या कामाला हात लावू नये. त्या महिन्यांत हवेतच इतका ओलावा असतो की धुतलेलं कापड आतून वाळत नाही आणि ठेवणीतल्या कापडावर बुरशी धरते. झाडणं, धुणं, शिवणं यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

ट्रंकेतून आलेलं कापड थेट कपाटात किंवा शिवणाच्या डब्यात नेऊ नका. आधी गच्चीवर किंवा बाल्कनीत जुन्या चादरीवर पसरा. बुरशीचे ठिपके असतील तर तोंडाला एन-९५ मास्क लावा आणि मऊ ब्रशनं बुरशी कोरडीच झटका. ओल्या फडक्यानं पुसलं तर ती धाग्यात जाऊन बसते. पांढऱ्या सुतीला तासभर कोवळं ऊन चालतं. रेशीम, रंगीत सूत आणि जर सावलीत, वाऱ्यावर ठेवा. धूळ काढायला व्हॅक्यूम क्लीनर वापरणार असाल तर कापडावर मच्छरदाणीची जाळी पसरा, ओढ सर्वांत कमी ठेवा आणि जाळीवरूनच नळी फिरवा.

कसर खळीवर जगते. म्हणून खळ घातलेली सुती साडी तशीच ठेवणीत टाकणं म्हणजे तिला जेवायला वाढून ठेवणं. लोकर आणि रेशीम खाणाऱ्या अळ्या वेगळ्या. शालीत बारीक गोल भोकं आणि आजूबाजूला वाळूसारखी विष्ठा दिसली तर समजावं. अशा वेळी कापड मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंश सेल्सियसला, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. एक पूर्ण दिवस तशीच राहू द्या, नाहीतर आपल्या दमट हवेतलं पाणी थंड कापडावर जमतं आणि बुरशीची नवी सोय होते.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मला कडक बोलायचंय. त्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफा कापडात मुरतात. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांमध्ये, अशा कपड्यांत गुंडाळल्यावर, तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे बहुतेक घरांत आधी माहीतच नसतं. म्हणून गोळ्यांच्या ट्रंकेतल्या साडीचं दुपटं शिवायचं असेल तर ती आधी बरेच दिवस वाऱ्यावर टाका, दोनदा धुवा, आणि त्यानंतरही वास येत असेल तर त्या साडीचं बाळासाठी काहीही करू नका. उशीचे अभ्रे करा.

धुवायचं की नाही

धड सुती कापड धुवावं. रेशीम, जर आणि भरतकाम शक्यतो धुऊ नये, वाऱ्यावर टाकून झाडणं पुरे. खराब झालेलं रेयॉन अजिबात धुऊ नये.

धुण्याआधी रंग तपासा. पांढऱ्या सुती चिंधीचा ओला बोळा प्रत्येक रंगावर पाच मिनिटं दाबून धरा. मग तसाच साबणाच्या पाण्यातला. चिंधीला रंग लागला तर धुणं रद्द.

सुतीसाठी साधा सौम्य साबण चालतो. रेशीम धुवावंच लागलं तर रिठा. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी एक उकळी काढा, गाळून पूर्ण गार करा आणि दुप्पट पाण्यात मिसळा. पांढऱ्या रेशमाला रिठ्यानं किंचित पिवळसर झाक येते, हे लक्षात असू द्या. डाग खाणाऱ्या एन्झाइमची पावडर रेशमाला आणि लोकरीला वापरू नका. ती प्रथिनं तोडते आणि रेशीम म्हणजे प्रथिनच. क्लोरीनचं ब्लीच तर रेशीम अक्षरशः विरघळवतं.

बादलीत कोंबण्यापेक्षा बाळाला आंघोळ घालायचा प्लास्टिकचा टब बरा. तळाशी मच्छरदाणीची जाळी घाला, तिच्यावर कापड सैल घडीनं ठेवा आणि वरून पाणी सोडा. दहा-पंधरा मिनिटं तळहातानं फक्त दाबा. चोळू नका, पिळू नका. पाणी बदलताना आणि बाहेर काढताना कापड न उचलता जाळी उचलायची. मग जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि पलंगावर प्लास्टिक, त्यावर कोरडा टॉवेल घालून पंख्याखाली सपाट वाळवा. ओलं जुनं कापड दोरीवर टाकलं की सगळं वजन एका रेषेवर येतं आणि ती रेष तुटते.

डागांच्या मागे फार लागू नये. हळदीचा डाग साबणानं लाल होतो आणि घाबरून माणूस जास्त घासतो. प्रत्यक्षात हळदीचा रंग उन्हात उडतो, पांढऱ्या सुतीला एक-दोन दिवस ऊन दाखवलं की पुष्कळसा जातो. पांढऱ्या सुतीवरच्या गंजावर लिंबू-मीठ लावून तासाभरानं भरपूर पाण्यानं धुता येतं. रंगीत कापडावर हा प्रयोग नको, काळ्या छापाच्या जुन्या कापडावर तर मुळीच नको. तो काळा रंग अनेकदा लोहापासूनच केलेला असतो आणि आम्लानं उडतो. बाकीचे डाग वस्तू आखताना वगळता येतात किंवा त्यांच्यावर एखादं फूल भरता येतं.

आधाराचं कापड: सगळं काम इथे आहे

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया. मुंबईतल्या मंगळदास मार्केटातून, म्हणजे कापडबाजारातून, साधी सुती मलमल किंवा कॅम्ब्रिक घ्या. मार्केट रविवारी बंद असतं, आणि गल्ल्या कळायला दोन फेऱ्या लागतात. जुन्या कापडाच्या मुख्य रंगाच्या जवळ जाणारी, किंचित फिकट छटा निवडा, म्हणजे चिरेतून पांढरं डोकावत नाही. त्यासाठी साडीतून निघालेला धाग्याचा तुकडा सोबत न्या, साडी नेऊ नका. चहाच्या पाण्यात मलमल रंगवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मी तो मानत नाही. रंग डागाळ बसतो आणि चहातलं टॅनिन आम्लधर्मी असतं.

आणलेली मलमल गरम पाण्यात भिजवा, धुवा, वाळवा, इस्त्री करा. नवं सूत आक्रसतं. ते जुन्या कापडाला जोडल्यावर आक्रसलं तर वरचं रेशीम सुरकुतून फाटतं.

आता मोठ्या टेबलावर किंवा फरशीवर मलमल पसरा. जुन्या तुकड्यापेक्षा ती चारही बाजूंनी दोन इंच जास्त हवी. उभा धागा उभ्याला आणि आडवा आडव्याला समांतर येईल असा जुना तुकडा तिच्यावर ठेवा. चिरलेल्या कडा बोटांच्या टोकांनी जवळ आणा, पण ओढून एकमेकींवर चढवू नका. पन्नास वर्षांत धागे जागचे हलले असतील तर मधे फट राहणारच, राहू द्या. सुरकुत्यांवर इस्त्री फिरवण्याऐवजी स्वच्छ काचेचे तुकडे, कडांना टेप लावून, रात्रभर वजन म्हणून ठेवा. आपल्या हवेत तेवढ्यानं बऱ्याच सुरकुत्या बसतात.

बारीक टाचण्या फक्त धड भागात टोचा. मध्यापासून बाहेरच्या दिशेनं, साधारण चार बोटांच्या अंतरानं कच्चे टाके घाला. सुई दहा नंबरची किंवा त्याहून बारीक. दोरा सुतीच, भरतकामाच्या सहापदरी लडीतला एकच पदर. पॉलिस्टरचा दोरा जुन्या धाग्यापेक्षा खूप मजबूत असतो, ताण आला की तो कापड कापत जातो. ‘सिल्क थ्रेड’ म्हणून बाजारात मिळणारी चकचकीत रिळं बहुतेकदा रेयॉनची असतात, त्यांच्या नावाला भुलू नका.

मग चीर धरायची. चिरेच्या एका बाजूला, धड भागात अर्धा-पाऊण इंच आत, सुई मागून वर काढा. दोरा चीर ओलांडून पलीकडच्या धड भागात तितकाच आत न्या आणि खाली उतरवा. हा दोरा ताणायचा नाही, कापडावर नुसता पडून राहिला पाहिजे. त्याच्यावर दर पाच मिलिमीटरला एक इवलासा आडवा टाका घालून तो मलमलीला बांधा. शेजारी तीन-चार मिलिमीटरवर दुसरा दोरा, मग तिसरा. चीर संपून पुढचं धड कापड लागेपर्यंत असंच. जवळून दोऱ्यांच्या ओळी दिसतात, हातभर अंतरावरून त्या विणीत मिसळून जातात. कमजोर भागात एकही टाका संपू नये, सुरुवात आणि शेवट नेहमी धड जागी.

रेशमाची पूडच व्हायला लागली असेल तर टाक्यांनी भागत नाही. तेव्हा वरून त्याच रंगाचं पातळ नायलॉन नेट घालायचं आणि मलमल, रेशीम, नेट असा तिहेरी थर धड कडांवर शिवायचा. रंग किंचित मंदावतो, पण पूड जागच्या जागी राहते.

टेलर जिला ‘पेस्टिंग’ म्हणतात ती इस्त्रीनं चिकटणारी पट्टी झटपट असते, म्हणून मोहात पाडते. एकदा चिकटवली की परत काढता येत नाही, आणि काही वर्षांनी तिचा गोंद सुटून वर फुगे येतात. तळहाताएवढ्या तुकड्यांच्या बटव्याला मी ती चालवून घेते. अख्ख्या पदराला कधीच नाही.

मशीनचं सांगायचं तर विरलेल्या कापडावर ते नकोच. खालचे दाते कापड ओढतात आणि बारीक टीप मारली की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते, त्या रेषेवर कापड सरळ फाटतं. आधार लावून झाल्यावर, फक्त मलमलीतून जाणारी शिवण मशीनवर चालेल.

रफूगराकडे जायचं ते लोकरीच्या शाली घेऊन. भोकाभोवतीचे धागे दणकट असतील तरच रफू टिकतो. सभोवतालचंच रेशीम गेलेलं असेल तर कितीही हुशार रफूगर असो, त्याचा धागा धरणार कशाला?

दुपटं आणि गोधडी

सुती नऊवारीसाठी याहून चांगलं काही नाही. वापरून वापरून मऊ झालेलं सूतच बाळाच्या अंगाला लावायचं, ही आपली रीत कापडाच्या दृष्टीनंही बरोबर आहे. जर, टिकल्या, बटणं, नेट, यांतलं काही दुपट्यावर येऊ द्यायचं नाही.

साधारण मीटरभर लांब-रुंद दुपट्याला तीन थर लागतात. नऊवारी सव्वाआठ मीटर लांब असते, त्यामुळे दोन दुपट्यांचं कापड त्यातून निघावं, पण विरलेला भाग वगळला की एकाचंच उरतं. थरांचा क्रम असा: दणकट कापड वर आणि खाली, विरलेलं मधे. मधला थर अखंड असायचीही गरज नाही. तुकडे एकमेकांवर बोटभर चढवून मांडले तरी चालतात, जोडशिवण घालू नका, तिची गाठ पाठीला टोचते. कापताना कात्री थेट चालवू नका. जिथे कापायचं तिथला एक आडवा धागा ओढून काढा, त्याची रेघ दिसते, तिच्यावरून कापा. मग तुकडा तिरका येत नाही.

तिन्ही थर फरशीवर पसरा. तळहातानं मध्यापासून बाहेर सुरकुत्या काढत जा. आधी मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ कच्च्या टाक्यांची घाला, मग त्यांना समांतर ओळी टाका. हे केल्याशिवाय धावदोरा सुरू केलात तर खालचा थर सरकतो आणि शेवटी एका कोपऱ्यात कापड जास्त उरतं.

धावदोरा कडेपासून आत, चौकोनात फिरत घालता येतो किंवा सरळ ओळींत. वाकळ शिवणाऱ्या बायका बहुधा कडेनंच सुरुवात करतात. दुपट्याला टाका तांदळाच्या दाण्याएवढा, ओळींमधलं अंतर अर्धा ते पाऊण इंच. विरलेल्या जागी ओळी आणखी जवळ घ्या, तिथली ताकद या ओळीच देणार आहेत. मोठ्या गोधडीला थर वाढतात, तिथे जाड सुई आणि दुपदरी दोरा लागतो. गाठ मारू नका. दोऱ्याचं टोक दोन थरांच्या मधे ठेवून एक उलटा टाका घ्या, ते सुटत नाही. दोरा ओढताना कापड चुण्या धरू लागलं तर हात सैल करा. धुतल्यावर थोड्या चुण्या आपोआप येतात, त्या हव्याच असतात.

कडेला गोट. साडीचाच धड काठ गोट म्हणून फार सुंदर दिसतो, पण टाचेजवळचा काठ घासलेला असतो. कमरेकडचा घ्या, त्यातही खोचून विरला नसेल तेवढाच. तो दुमडून आधी एका बाजूनं शिवा, मग दुसरीकडे हातानं तुरपाई करा.

पदराची फ्रेम

आधार लावलेला पदर भिंतीवर लावायचा असेल तर फ्रेमवाल्याला पहिल्यांदा एकच गोष्ट सांगा: गोंद नको. सांगितलं नाही तर तो कापड पुठ्ठ्यावर चिकटवणार, कारण त्याची सवय तीच. आम्लमुक्त बोर्ड मागा, त्यावर धुतलेलं सुती कापड घट्ट बसवा, आणि पदराच्या मलमलीची दोन इंची कड त्या कापडाला हातानं शिवून घ्या. रेशमातून टाका जाताच कामा नये. काच पदराला चिकटता कामा नये. मधे अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या हव्यात, नाहीतर पावसाळ्यात काचेच्या आत दव जमून रेशीम काचेला धरतं.

जागा निवडताना मुंबईचं घर लक्षात घ्या. बाहेरच्या भिंती जुलैत ओल धरतात, म्हणून फ्रेम दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर लावा. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामधून हवा खेळेल. खिडकीसमोर आणि फोकसच्या दिव्याखाली अजिबात नको. उजेडानं उडालेला रंग कशानंही परत येत नाही.

काठ, बटवे, उरलेल्या चिंध्या

काठ सोडवताना जोडाच्या रेषेवर कापू नका, बोटभर अंगाचं कापड सोबत ठेवा. ती पट्टी दुमडून नव्या सुती ओढणीला किंवा पडद्याला हातानं लावायची. ओढणीही आधी धुतलेली हवी. कुर्त्याच्या घेराला काठ शोभतो. बाहीच्या टोकाला तो पदार्थांत बुडतो आणि घामानं काळा पडतो, तिथे नको.

बटव्याचं गमक नेफ्यात आहे. नाडीची ओढ जुन्या कापडावर आली की आठवड्यात तोंड फाटतं. म्हणून आधी नव्या पॉपलिनचा पूर्ण बटवा शिवा, नेफ्यासकट, नाडी ओवून वापरून बघा, आणि मग त्याच्या पोटावर जुना तुकडा चढवा. नेफा पॉपलिनमधूनच जाईल. नाडी, गोंडे, लेस यांसाठी मुंबईतला भुलेश्वरचा बाजार.

तळहाताहून लहान चिंध्या फेकू नका. धाग्यांची दिशा सारखी ठेवून त्या मलमलीवर टाचल्या की पुस्तकखुणा, राख्या, आरतीच्या पुस्तकाचं कव्हर होतं. कव्हर खळीनं चिकटवू नका, कसर येईल. शिवलेलं घाला. सुती चिंध्या फारच विरलेल्या असतील तर त्या बाहुलीच्या पोटात भरायला उत्तम. बोहारणीकडे अशी कापडं देण्यात काही मिळत नाही. तिलाही धड साडी हवी असते, तिचा माल पुढे जुन्या कपड्यांच्या बाजारातच जायचा असतो.

तयार वस्तू सांभाळणं

गोधडी आणि दुपटं हातानं धुवा, सावलीत आडवं वाळवा. रेशमी तुकड्यांच्या वस्तूंना पाणी नको. जरीवर इस्त्री उलट बाजूनं, मधे मलमल ठेवून, कोमट. अत्तर आणि स्प्रे कापडापासून लांब. रबरबँडही, त्यातल्या गंधकानं जर काळी पडते.

न कापलेली साडी वर्तमानपत्रात किंवा थेट लाकडी फळीवर ठेवू नका, दोन्हींतून आम्ल येतं. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि प्रत्येक घडीच्या पोटात मलमलीची वळकटी घाला, म्हणजे घडीला धार येत नाही. जमत असेल तर घडीच नको, मलमल गुंडाळलेल्या रुंद नळीवर गुंडाळा. कडुनिंबाची पानं ठेवायची तर पूर्ण वाळवून, पुरचुंडीत, कापडाला न लागता. मे महिन्याच्या शेवटी आणि दिवाळीआधी, असं वर्षातून दोनदा बाहेर काढा, तासभर पंख्याखाली पसरा आणि घड्या जुन्या रेषा सोडून नव्या जागी घाला. गुंडाळीवर सुती पट्टी शिवा, तिच्यावर पेन्सिलनं साडी कुणाची, कधीची आणि शेवटची कधी उलगडली ते लिहा.